ब्रॉडबँडचा अर्ज भरण्याआधी गुणांचा तक्ता वाचा

मिनेसोटातल्या एखाद्या लहान गावात तुम्ही राहत असाल, तिथल्या टाउनशिपच्या मंडळावर असाल, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कारभारात असाल, किंवा ‘तुम्ही संगणकातले, तुम्हाला यातलं कळतं’ असे म्हणून शेजाऱ्यांनी तुम्हाला ब्रॉडबँड समितीत ओढले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. वेगवान इंटरनेट गावापर्यंत आणायला राज्य सरकार अनुदान देते. पैसा मर्यादित असतो, अर्ज जास्त येतात, म्हणून प्रत्येक अर्जाचे गुणांकन होते आणि वरचे अर्ज मंजूर होतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. गुण नेमके कशाला पडतात हे मात्र अनेक समित्या अर्ज लिहायला बसल्यावर शोधू लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. अर्ज कितीही नेटका लिहिलेला असो, गुण पडतात ते अर्जाच्या आधी काही महिने गावाने जे काम केले त्याच्या पुराव्याला. म्हणून गुणांचा तक्ता समितीच्या पहिल्याच बैठकीत टेबलावर हवा.

भारतातल्या भारतनेटची सवय असलेल्या वाचकाने एक फरक आधी लक्षात घ्यावा. भारतनेटमध्ये सरकार स्वतः पुढाकार घेऊन ग्रामपंचायतीपर्यंत केबल नेते. अमेरिकेतल्या राज्याच्या योजनेत सरकार केबल टाकत नाही. टाकणारी कंपनी, सहकारी संस्था किंवा नगरपालिका पुढे येते, अर्ज करते, खर्चाचा काही भाग राज्याकडून घेते आणि बाकीचा स्वतः उभा करते. पुढाकार कोणीच घेतला नाही तर गाव तसेच राहते. घरे विरळ असतील तर मैलामागचा खर्च फार थोड्या ग्राहकांत वाटला जातो, आणि एरवी कंपनी तिकडे फिरकतही नाही. अनुदान आहे ते ही तूट भरून काढण्यासाठी.

मिनेसोटाचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण तिथली पद्धत जुनी आहे आणि तिचे निकष थेट कायद्यात लिहिलेले आहेत. राज्याचे ब्रॉडबँड कार्यालय २०१३ साली सुरू झाले. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ‘बॉर्डर-टू-बॉर्डर’ नावाची अनुदान योजना आणली आणि पहिल्या खेपेला तिच्यासाठी २ कोटी डॉलर ठेवले. मूळ नियम असा की राज्य प्रकल्पखर्चाच्या जास्तीत जास्त ५० टक्के देईल आणि एका प्रकल्पाला ५० लाख डॉलरपेक्षा जास्त देणार नाही. नंतरच्या काळात फार विरळ वस्तीसाठी ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची वेगळी सोयही झाली. हे आकडे फेरीगणिक बदलतात, म्हणून ज्या फेरीत अर्ज करणार त्या फेरीचीच मार्गदर्शिका उतरवून घ्या. कायद्यातले प्राधान्यक्रम मात्र बरेचसे टिकून आहेत, आणि तुमची तयारी त्यांच्यावर उभी राहिली पाहिजे.

पहिला प्रश्न: तुमचे गाव नकाशावर कसे दिसते?

कायद्याच्या दृष्टीने भाग दोन प्रकारचे. जिथे तारेवरून २५ मेगाबिट डाऊनलोड आणि ३ मेगाबिट अपलोड एवढाही वेग मिळत नाही तो सेवेपासून वंचित. जिथे तेवढा मिळतो, पण १०० डाऊनलोड आणि २० अपलोड मिळत नाही, तो अपुऱ्या सेवेचा. पहिला मान वंचित भागाला. त्यामुळे प्रकल्पाच्या हद्दीत वंचित घरे किती आणि अपुऱ्या सेवेची किती, ही मोजणी गुणांचा पाया ठरते. ‘आमच्याकडे इंटरनेट फार वाईट आहे’ या वाक्याला इथे काही किंमत नाही. प्रत्येक पत्त्यासमोर आकडा पाहिजे.

‘तारेवरून’ हा शब्द लक्षात ठेवा. मिनेसोटाच्या व्याख्येत टॉवरवरून किंवा उपग्रहावरून येणारी सेवा धरलेली नाही. केंद्र सरकारच्या योजनांत मात्र व्याख्या वेगळ्या असतात. एकच शेतघर एका योजनेत वंचित आणि दुसरीत सेवा असलेले ठरू शकते. एका योजनेसाठी केलेली यादी दुसऱ्या अर्जाला जशीच्या तशी जोडू नका.

केंद्राच्या दळणवळण आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा, पत्तावार नकाशा नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. त्यावर आपला पत्ता टाकला की कोणती कंपनी किती वेग देऊ शकते असा तिचा दावा आहे ते दिसते. हा दावा कंपनीचा असतो आणि वेग जाहिरातीतला असतो, हे विसरू नका. दावा चुकीचा असेल तर रहिवासी स्वतः त्याच नकाशावर हरकत नोंदवू शकतो. कंपनीने जोडणी नाकारली, मागणी केल्यावर कामाच्या दहा दिवसांत जोडणी दिली नाही, किंवा नेहमीच्या शुल्कापेक्षा जास्त पैसे मागितले, ही तिथे ग्राह्य धरली जाणारी कारणे आहेत. म्हणून प्रत्येक घराला सांगा की कंपनीला फोन करा, जोडणी मागा, आणि मिळालेले उत्तर शक्यतो लेखी घ्या. ईमेल जपून ठेवा. फोनवर नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवा. हे काम कंटाळवाणे आहे आणि बैठकीत त्याला कोणी हात वर करत नाही, पण माझ्या मते समितीच्या सगळ्या कामांत सर्वांत मोलाचे काम हेच. नकाशावर जे घर ‘सेवा आहे’ असे दिसते ते तुमच्या अर्जात मोजले जाणार नाही, आणि अशी वीस-पंचवीस घरे गळाली की सगळा हिशेब बदलतो.

पैशाचा हिशेब आणि स्वहिस्सा

राज्य दोन गोष्टी बघते. दिलेल्या डॉलरमागे किती घरे जोडली जाणार, आणि बाकीचा पैसा कुठून येणार. इतर सरकारी व खासगी स्रोतांतून जास्त पैसा आणणाऱ्या अर्जाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच म्हणतो. समजा, तुमच्या भागात ४०० घरे आहेत आणि काम २४ लाख डॉलरचे आहे. निम्मे मागितले तर राज्याचे १२ लाख, म्हणजे घरामागे ३,००० डॉलर. आता काउंटीने २ लाख घातले आणि तुम्ही राज्याकडे १० लाखच मागितले, तर घरामागे २,५०० होतात आणि राज्याचा वाटा ४२ टक्क्यांच्या आसपास येतो. काम तेच, घरे तीच, पण अर्ज वर सरकतो. म्हणून काउंटीच्या आयुक्तांकडे आणि टाउनशिपच्या मंडळाकडे अर्जाच्या आधी जा. ठराव मंजूर करून घ्या आणि त्यात रक्कम लिहून घ्या. ‘तत्त्वतः पाठिंबा’ असा ठराव आणि ‘इतके डॉलर राखून ठेवले आहेत’ असा ठराव यांत छाननी करणाऱ्याला फार मोठा फरक दिसतो.

कायद्यानुसार कंपनी, भागीदारी संस्था, नगरपालिका किंवा काउंटी, मूलनिवासी जमातीचे सरकार, ना-नफा संस्था आणि सहकारी संस्था अर्ज करू शकतात. सहकारी संस्थांचा उल्लेख वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळीक वाटेल, आणि ती वाटण्याला आधार आहे. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर अमेरिकेच्या खेड्यांत वीज नेली ती बऱ्याच अंशी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी, आणि पुढे १९४९ पासून टेलिफोनसाठीही तशीच कर्जे मिळू लागली. त्यांतल्या अनेक संस्था आज फायबर टाकत आहेत. मिनेसोटातच रेनव्हिल आणि सिबली या काउंटींच्या भागातल्या १० गावांनी आणि १७ टाउनशिपनी मिळून आरएस फायबर नावाची सहकारी संस्था उभी केली. तुमच्या जवळ अशी विजेची किंवा टेलिफोनची जुनी संस्था असेल तर पहिला फोन तिला करा. खांब तिचे, वाटा तिच्या माहितीतल्या, सभासद तेच. गावाने कर्जरोखे काढून हिस्सा उभा करायचा ठरवले, तर परतफेड अडली की ओझे करदात्यांवर येते, हे ठराव घालण्याआधी सभेत स्पष्ट सांगा.

पाठिंब्याची पत्रे

लोकांचा, स्थानिक सरकारचा, व्यावसायिकांचा आणि संस्थांचा भक्कम पाठिंबा असल्याचा पुरावा द्या, असे निकषांत आहे. तो वाचून समित्या एकच मजकूर छापतात आणि त्यावर दोनशे सह्या घेतात. त्या सह्या वाया जात नाहीत, पण त्यांच्यातून छाननी करणाऱ्याला काहीच नवे कळत नाही. दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याने लिहावे की गोठ्यातल्या यंत्राची नोंद पाठवायला किती वेळ लागतो आणि त्यापायी काय अडते. दवाखान्याने लिहावे की रुग्णाच्या तपासणीची चित्रे शहरातल्या तज्ज्ञाकडे जायला काय करावे लागते. शाळेने सांगावे की किती मुले घरचा अभ्यास ग्रंथालयाच्या वाहनतळावर बसून करतात, आणि हा आकडा शिक्षकांनी मोजलेला असावा, अंदाजाने लिहिलेला नसावा. दूरस्थ उपचार, शाळा, ग्रंथालये आणि अग्निशमन-पोलीस यांसारख्या सार्वजनिक सुरक्षेच्या सेवा यांना नवी किंवा सुधारलेली जोडणी मिळत असेल तर प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. म्हणजे या संस्थांच्या पत्रांवर थेट गुण आहेत. ती पत्रे सर्वांत आधी मागा, कारण शाळा आणि दवाखाने आपापल्या मंडळाची मंजुरी घेतल्याशिवाय काही लिहून देत नाहीत.

त्याहून भरीव म्हणजे घरोघरचे सर्वेक्षण. प्रत्येक पत्त्यावर आज कोणती सेवा आहे, किती पैसे जातात, नवी आली तर घेणार का, आणि घेणार असाल तर किती दरापर्यंत. यातून दोन कामे होतात. गरजेचा पुरावा मिळतो, आणि कंपनीला ग्राहक किती मिळतील याचा अंदाज येतो. दुसऱ्या आकड्यावर प्रकल्प पुढे चालेल की नाही हे अवलंबून असते, आणि त्यालाही गुण असतात. बेरोजगारी, गरिबी किंवा लोकसंख्येतली घट राज्याच्या सरासरीहून बरीच जास्त असेल तर तोही प्राधान्याचा मुद्दा आहे. ते आकडे जनगणनेतून घेऊन अर्जात मांडा. गाव ओस पडत चालल्याचे लिहायला अनेकांना कमीपणा वाटतो. तसे वाटू देऊ नका, ही माहिती तुमच्या गावाच्या बाजूने बोलते.

हरकत

इथे सर्वांत जास्त सावध राहायचे. अर्ज करण्याच्या किमान सहा आठवडे आधी, त्या भागात सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला लेखी विचारावे लागते की प्रकल्पाच्या कालावधीत तुमची इथली सेवा राज्याच्या उद्दिष्टाइतकी वेगवान करण्याची योजना आहे का. ही पत्रे पाठवल्याचा पुरावा अर्जाला जोडावा लागतो. एका कंपनीचे नाव राहून गेले तरी अर्ज कच्चा राहतो. म्हणून यादी स्मरणावर करू नका, केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही नकाशांवरून करा, आणि पत्रे पोचपावतीसह पाठवा.

अर्जांची मुदत संपल्यावर राज्य तीन कामकाजी दिवसांत प्रत्येक अर्जाचा भूभाग आणि प्रस्तावित वेग जाहीर करते. पुढचे ३० दिवस तिथली किंवा जवळपासची कंपनी हरकत घेऊ शकते. हरकत दोन मुद्द्यांवर घेता येते. एक, आम्ही इथे पुरेशा वेगाने सेवा देतो किंवा बांधकाम सुरू केले आहे. दोन, अनुदान जाहीर झाल्यापासून १८ महिन्यांत आम्ही इथे तेवढा वेग देऊ. हरकत विश्वासार्ह ठरली तर तुमच्या अर्जाला पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या मुद्द्यावर गावे चिडतात, आणि त्यांचा राग मला पटतो. वर्षानुवर्षे न फिरकलेली कंपनी अर्ज आल्यावर आश्वासन देते, ही वेदना खरी आहे. पण सरकारी पैसा जिथे खासगी पैसा येणारच आहे तिथे जाऊ नये, हाही विचार चूक नाही. कायद्याने यावर लगाम ठेवला आहे. हरकतीमुळे अर्ज नाकारला गेला आणि मग कंपनीने शब्द पाळला नाही, तर पुढच्या दोन फेऱ्यांत तिच्या हरकतीवरून कोणाचा अर्ज नाकारता येत नाही. अपवाद एवढाच की कारण तिच्या हाताबाहेरचे असल्याचे राज्याच्या आयुक्तांना पटले पाहिजे. म्हणून हरकतीमुळे अर्ज गेला तर तो दिवस दिनदर्शिकेत लिहा आणि १८ महिन्यांनी बांधकामाची छायाचित्रे आणि पत्तावार नोंदी घेऊन पुन्हा दारात उभे राहा.

हरकत येऊ नये म्हणून प्रकल्पाची हद्द आखतानाच काळजी घ्या. गावाच्या कडेला केबल कंपनीची सेवा असलेल्या दोन-तीन गल्ल्या ‘एकसंध दिसावे’ म्हणून आत घेण्याचा मोह होतो. त्या गल्ल्यांमुळे सगळा अर्ज वादात सापडतो. त्या बाहेर ठेवा.

काम करून दाखवण्याची ताकद

तयारी, तांत्रिक आराखडा आणि टिकाव या नावांखाली राज्य एकच गोष्ट तपासते. अर्जदाराला हे काम खरोखर जमणार आहे का? हे तपासण्यामागे कटू अनुभव आहे. डिसेंबर २०२० मध्ये एफसीसीने ग्रामीण भागांसाठी घेतलेल्या लिलावाचे निकाल आले, तेव्हा एका छोट्या कंपनीने १५ राज्यांत मिळून सुमारे १.३ अब्ज डॉलरच्या बोली जिंकल्या होत्या. त्यांत मिनेसोटाही होते. ऑगस्ट २०२२ मध्ये एफसीसीने तिचा अर्ज नाकारला. मधल्या काळात त्या भागांसाठी दुसरा निधी मागणे अवघड होऊन बसले. तेव्हापासून राज्ये लेखापरीक्षित हिशेब, आधीच्या कामांची यादी आणि अभियंत्याने सही केलेला आराखडा यांवर फार जोर देतात.

तुमच्या बाजूने तयारी दाखवायची तर खांब कोणाचे, रेल्वेमार्ग किंवा नदी कुठे ओलांडायची, कोणाच्या जमिनीतून जायचे, परवानग्या कोणाकडून लागतील, हे तक्त्यात मांडा. मिळालेल्या परवानग्या जोडा, ज्यांसाठी अर्ज केला असेल त्यांच्या तारखा लिहा. मिनेसोटात हिवाळ्यात जमीन गोठते, खोदकामाचे महिने मोजके असतात. वेळापत्रकात जानेवारीत खोदाई दाखवलेली असेल तर छाननी करणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. जाळे पुढे १०० डाऊनलोड, १०० अपलोडपर्यंत वाढवता येईल असे असावे, ही अटही ध्यानात ठेवा.

लोकांना वापर शिकवणे आणि सेवा घ्यायला प्रवृत्त करणे यालाही निकषांत जागा आहे. ग्रंथालयाबरोबर ज्येष्ठांसाठी वर्ग, शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शन, गरीब घरांसाठी कमी दराची योजना. इथे एक जुनी चूक अजून दिसते. केंद्राच्या सवलत योजनेतून गरीब घरांना महिना ३० डॉलर मिळायचे, ती १ जून २०२४ पासून बंद झाली आहे. जुना अर्ज समोर ठेवून नवा लिहिताना त्या योजनेवर टेकलेला परिच्छेद तसाच राहतो. तो काढा आणि कमी दराचा भार कोण उचलणार ते स्पष्ट लिहा.

केंद्राच्या पैशाचे वेगळे गणित

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून बीईएडी ही ४२.४५ अब्ज डॉलरची योजना आली. जून २०२३ मध्ये राज्यांचे वाटे जाहीर झाले आणि मिनेसोटाच्या वाट्याला सुमारे ६५.२ कोटी डॉलर आले. इथे गुणांकनाचा सांगाडा केंद्राने ठरवला. मूळ नियमांत किमान ७५ टक्के गुण तीन गोष्टींना द्यायचे होते. सरकारी पैसा किती कमी लागतो, ग्राहकाला सेवा किती परवडते, आणि कामगारांना योग्य वागणूक मिळते का. फायबरला स्पष्ट झुकते माप होते.

६ जून २०२५ च्या आदेशाने हे बदलले. तंत्रज्ञानाचा भेद गेला, कामगारविषयक आणि परवडण्याविषयीचे गुण गेले, आणि राज्यांना फेरी नव्याने घ्यावी लागली. आता कमीत कमी सरकारी खर्च हाच मुख्य निकष. घरामागचा खर्च सर्वांत कमी बोलीच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तरच बाकीच्या गोष्टी बघायच्या, म्हणजे काम किती लवकर पुरे होईल आणि जाळ्याचा वेग व ताकद किती, वगैरे. घरामागे सर्वांत कमी बोली २,००० डॉलरची असेल तर २,३०० पर्यंतच्या अर्जांनाच ही दुसरी संधी. २,४०० चा फायबरचा उत्तम अर्ज तिथवर पोचतही नाही.

मला हा बदल पटत नाही. जाळे एकदा टाकले की कित्येक वर्षे वापरायचे असते, आणि आज स्वस्त पडलेले उद्या गावाला महाग पडू शकते. ग्राहकाच्या मासिक बिलाचे गुण काढून टाकणे तर गरीब घरांवर सरळ अन्याय आहे. पण समितीला जे नियम लागू आहेत त्यांतच जिंकायचे असते. म्हणून केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या फेरीत उतरताना भागीदार कंपनीला पहिल्याच भेटीत विचारा की घरामागचा खर्च कुठवर खाली येतो. काउंटीचा पैसा, केबल घालायला गावाच्या रिकाम्या नळ्या, नगरपालिकेच्या इमारतीत यंत्रांसाठी फुकट खोली, परवाना शुल्कात सूट, यांतून प्रत्येक डॉलर शोधा. राज्याच्या योजनेत ज्या पत्रांना गुण होते त्यांचा इथे उपयोग कमी, तेव्हा वेळ तिकडे घालवू नका. जुने आणि नवे निकष मिसळून केलेला अर्ज दोन्हीकडे पडतो. तक्त्यावरची तारीख बघा.

शेवटी, ज्यांच्या गावात सेवा आली पण रस्त्याच्या टोकाला त्यांचे एकटे घर राहून गेले, त्यांच्यासाठी. एका घरासाठी समिती आणि अर्ज यांचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये मिनेसोटाने जोडणी लांबवण्याची वेगळी योजना कायद्यात आणली. रहिवाशाने राज्याच्या ब्रॉडबँड कार्यालयाकडे पत्ता नोंदवायचा, कंपन्या त्या पत्त्यासाठी बोली लावतात, आणि राज्य एका जोडणीला २५,००० डॉलरपर्यंत देते. निधी असेल तेव्हाच फेरी निघते, पण पत्ता यादीत नसेल तर कंपनीला तुम्ही दिसतच नाही. म्हणून फेरीची वाट न पाहता कार्यालयाला विचारा, नोंदणी खुली असेल तर पत्ता आजच नोंदवा, आणि त्याच रस्त्यावर आणखी कोणी उरले असेल तर त्यांनाही नोंदवायला सांगा. शेजारशेजारचे पत्ते एकत्र आले की कंपनीची बोली खाली येण्याची शक्यता वाढते.